पन्नाशीत घेतलेला जुना ग्रँड

ग्रँड पियानो घ्यायचा म्हटल्यावर घरात सगळे एकदम किमतीवर आले. मला वेगळीच काळजी होती: वडोदऱ्यात त्याला सुरात कोण ठेवणार? तबला चढवून देणारे, पेटी जुळवून देणारे गावात आहेत. पियानोचा ट्यूनर मुंबईहून बोलवावा लागतो. म्हणून मी आधी ट्यूनर शोधला आणि मग पियानो. आजही कुणी विचारलं तर हाच क्रम सांगते, आणि तो सहसा कुणाला पटत नाही.

थोडी मागची हकिकत. आमचं माहेर दांडिया बाजारातलं. गायकवाडी कारभारात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांपैकी एक. गुजराती शेजारी अजून आम्हांला ‘दक्षिणी’च म्हणतात. अशा घरात गाणं असतंच. सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिचंच पुढे म्युझिक कॉलेज झालं. सूरसागर तलावासमोरच्या त्या इमारतीत आमच्याकडचं दर पिढीतलं कुणी ना कुणी जाऊन आलेलं आहे. मीच एकटी वाट सोडून फतेगंजात गेले. शाळेत प्रार्थनेला पियानो वाजवणाऱ्या गोव्याच्या मिस तिथे राहायच्या आणि घरी शिकवण्या घ्यायच्या. ‘पेटीच ती, जरा मोठी,’ असं म्हणून आजोबांनी परवानगी दिली. मनगट हलू नये म्हणून मिस हाताच्या पाठीवर नाणं ठेवायच्या. ते पडलं की धडा पुन्हा पहिल्यापासून. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत पाचव्या ग्रेडपर्यंत पोचले. मग दहावी आली, मग सायन्स, मग बँकेची परीक्षा. आणंद, भरूच, गोध्रा अशा बदल्यांमध्ये पियानो सुटला तो सुटलाच.

मधे काही वर्षं घरात डिजिटल पियानो होता. त्याला मी नावं ठेवणार नाही. रात्री हेडफोन लावून वाजवता येतो, पावसाळ्यात बेसूर होत नाही, पाहुणे आले की कपाटामागे उभा करता येतो. पण खऱ्या पियानोत उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे डँपर, म्हणजे आवाज दाबून धरणाऱ्या गाद्या, उठतात. मग एकच पट्टी वाजवली तरी तिच्याशी जुळणाऱ्या बाकीच्या तारा आपणहून गुंजायला लागतात. तानपुऱ्याच्या घरात वाढलेल्या कानाला हे लगेच ओळखू येतं. डिजिटलमध्येही हा परिणाम घातलेला असतो, पण तो माझ्या कानापर्यंत पोचायचा, अंगापर्यंत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, मग उभा पियानो घे. स्वस्त, भिंतीला लागून राहील. ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण उभ्यात हातोड्या आडव्या धावतात आणि त्यांना मागे आणायला स्प्रिंगची मदत लागते. ग्रँडमध्ये तारा आडव्या असतात, हातोडी खालून वर जाते आणि आपल्याच वजनाने परत येते. शिवाय पॅरिसच्या सेबास्तियन एरारने १८२१ मध्ये काढलेली एक युक्ती ग्रँडमध्ये असते: पट्टी पूर्ण वर यायच्या आत, अर्ध्यावरूनच पुन्हा दाबली तरी हातोडी पुन्हा तारेवर जाते. एकच सूर झरझर वाजवताना बोटाला हा फरक कळतो. डाव्या पेडलचंही तसंच. ग्रँडमध्ये ते दाबलं की सगळा स्वरपट, म्हणजे पट्ट्यांची अख्खी रांग, किंचित उजवीकडे सरकतो आणि हातोडी एकेका सुराच्या तीनपैकी दोनच तारांना नीट लागते, त्यामुळे आवाज कमी होतो आणि त्याची जातही बदलते. उभ्यात बहुधा हातोड्या तारांच्या जवळ आणल्या जातात, एवढंच. हे सगळं मी नवऱ्याला जेवताना ऐकवलं. तो म्हणाला, ‘बरं, स्लॅब तपासतो.’

तो सिव्हिलवाला आहे. कारेलीबागेतलं आमचं टेनामेंट, म्हणजे सोसायटीतलं स्वतंत्र घर, दोन मजली. ग्रँड खालीच ठेवायचा असं आधी धरून चाललो होतो. शोध चालू असतानाच ऑगस्ट २०२४ आला आणि विश्वामित्री नदी शहरात शिरली. पाणी आमच्या जोत्यापर्यंत येऊन थांबलं. शहरात ठिकठिकाणी वनखात्याची माणसं वस्तीतून मगरी पकडून नेत होती. त्यानंतर खालच्या मजल्याचं नाव कुणी काढलं नाही. वर मुलीची खोली रिकामी होती. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. लहान ग्रँड तीनशे किलोच्या आसपास आणि तो अडीच चौरस मीटर जागा व्यापतो, म्हणजे हिशेब बसत होता. फक्त सगळं वजन तीन पायांवर येतं, म्हणून दोन पाय तुळईच्या रेषेत येतील अशी खडूने खूण करून ठेवली. पियानो ठरायच्या आधीच त्याच्या पायांची जागा ठरली होती.

ट्यूनर मिळाले ते मुंबईतल्या एका चर्चच्या ओळखीतून. त्यांचे वडील आणि आजोबाही हेच काम करत. फोनवर त्यांनी कुठला पियानो, केवढ्याचा, असं काही विचारलंच नाही. ‘बाई, खोलीला खिडक्या किती? ऊन कुठून येतं? एसी कुठे आहे?’ एवढंच विचारलं आणि बजावलं की मला दाखवल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.

पहिला बघितला तो इथलाच, एका पारशी घरातला. महायुद्धाच्या आधीचा जर्मन बेबी ग्रँड. अक्रोडाच्या लाकडाची नक्षी, पितळी चाकं, पट्ट्यांवर हस्तिदंत. बघूनच मी हरले होते. ट्यूनरकाकांनी झाकण उघडलं, एका खुंटीला चावी लावली आणि दोन बोटांनी फिरवली. भुसभुशीत भिंतीतला खिळा फिरावा तशी ती फिरली. पियानोच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा अशा पोलादी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात आणि खुंट्या लाकडाच्या एका जाड फळीत ठोकलेल्या असतात. त्यांना धरून ठेवतं ते फक्त लाकूड आणि पोलाद यांच्यातलं घर्षण. आपल्याकडच्या हवेत ती फळी उन्हाळ्यात सुकते, पावसात फुगते, असं वर्षानुवर्षं होत राहिलं की पकड जाते. इंग्लंडातले कारखानदार हिंदुस्थानात पाठवायचे पियानो वेगळे बनवत. नुसत्या सरसावर न सोडता सांध्यांना स्क्रू मारत. हा पियानो तसा नव्हता. ‘लावून देतो मी, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरेल,’ काका म्हणाले. जाड खुंट्या घालणं हा एक उपाय, फळीच बदलणं हा दुसरा. दुसऱ्याचा खर्च पियानोच्या किमतीच्या वर जातो. त्या घरातल्या आजींनी आम्हांला रास्पबेरी सोडा पाजला आणि न घेतल्याबद्दल जराही वाईट वाटून घेतलं नाही.

मुंबईतल्या एका विक्रेत्याकडचा दुसरा पियानो बाहेरून आरशासारखा चकचकीत होता. आत टॉर्च मारल्यावर तारांवर गंज, आणि हातोड्यांचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, घासून घासून इतकं पातळ केलेलं की वरच्या सप्तकात लाकडाचाच आवाज. किंमत मात्र पॉलिशची लावलेली. तिथे आम्ही फार वेळ थांबलो नाही.

तिसरा वांद्र्यातल्या एका घरात मिळाला. यामाहा जी २, साधारण पाच फूट सात इंच लांबीचा, काळा. लोखंडी चौकटीवर क्रमांक कोरलेला असतो. कंपनीच्या यादीत तो बघितला की कुठल्या साली बनला ते कळतं. आमचा सत्तरच्या दशकातला निघाला. यामाहाच्या चिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क एकमेकांत अडकवलेले आहेत, हे मोटारसायकलवर इतकी वर्षं बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. कंपनीचं मूळही मजेचं. १८८७ मध्ये हमामात्सुतल्या एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन तोराकुसु यामाहा यांच्याकडे दुरुस्तीला आला, आणि तो दुरुस्त करता करता ते स्वतःच ऑर्गन बनवायला लागले. पायाने भाता मारायचा, पत्तीचा ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांनी साथीला घेतला तो याच जातीचा. आजोबांचं ‘पेटीच ती, जरा मोठी’ इथे बऱ्यापैकी बरोबर ठरतं.

वांद्र्याला काकांनी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण जुना पियानो घेणाऱ्याला खरा उपयोग याचा आहे. सगळ्यात आधी त्यांनी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर मारून मधला ए तपासला. सेकंदाला ४४० कंपनं हवीत, तो जवळजवळ पाव सूर खाली होता. म्हणजे कैक वर्षं कुणी हात लावलेला नाही. मग प्रत्येक पट्टी, अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी, आधी जोरात आणि मग होईल तितकी हळू वाजवली. हळू वाजवताना रोग कळतात म्हणे; जोरात सगळेच पियानो वाजतात. नंतर खुंट्या. चावीला जोर द्यावा लागत होता, कुठे कमी कुठे जास्त, पण सगळीकडे पकड होती. मग स्वरपटाच्या पुढची पट्टी आणि दोन बाजूंचे ठोकळे काढून त्यांनी सगळी ॲक्शन, म्हणजे पट्ट्या आणि हातोड्यांची यंत्रणा, ड्रॉवर ओढावा तशी पुढे घेतली आणि मांडीवर पेलली. हातोड्यांच्या टोकांवर तारांचे वळ उमटलेले होते, पण फेल्ट जाड शिल्लक होतं. दोन डँपरच्या फेल्टला कसर लागलेली. शेवटी जमिनीवर उताणं पडून खालून टॉर्चने साउंडबोर्ड बघितला. स्प्रूसच्या लाकडाचा हा पडदा वरून किंचित फुगीर असतो; तारांची थरथर त्या जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवरून, म्हणजे पुलावरून, त्याच्यात उतरते आणि आवाज मोठा होतो. एक बारीक चीर होती. मी घाबरले. ‘चीर खडखडत नाही ना? मग ती राहू दे. तारांचा पूल फाटला असता तर मी उठून गेलो असतो.’ खर्जातल्या तांबं गुंडाळलेल्या तारांपैकी काही मंद झाल्या होत्या, थोपटल्यासारखा आवाज देत होत्या. तेवढ्या नव्या करून घ्याव्या लागतील, असं त्यांनी घरमालकिणीसमोरच सांगितलं. त्यामुळे घासाघीस मला करावीच लागली नाही. सौदा पाच लाखांच्या आत बसला. मालकीण मुलाकडे कायमची परदेशी चालली होती. पैशांपेक्षा पियानो कुठे चाललाय याची चौकशी तिने जास्त केली. वडोदऱ्याला म्हटल्यावर म्हणाली, ‘तिथे फार उकडतं ना?’ प्रश्न अगदी रास्त होता.

आणायचं काम नेहमीच्या सामान हलवणाऱ्यांकडे देऊ नका, हा काकांचा हुकूम होता. पियानो नेणारी वेगळी माणसं असतात. त्यांनी झाकण आणि पेडलची चौकट काढली, एक पाय काढून तो कोपरा हळूहळू खाली घेतला आणि पियानो त्याच्या सरळ बाजूवर, गाद्या बांधलेल्या लाकडी फळीवर उभा केला. मग उरलेले दोन पाय. रात्रीच्या ट्रकने चारशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून तो सकाळी सोसायटीच्या दारात. जिन्याला वळण आहे, तिथून जाणं शक्यच नव्हतं. गॅलरीचा कठडा काढून ठेवला होता आणि हायड्रा क्रेन बोलावली होती. सगळी सोसायटी खाली जमली. पट्ट्यात बांधलेलं ते काळं धूड वर जात असताना समोरच्या बेननी मला विचारलं, ‘आमां शुं भर्युं छे?’ (यात काय भरलंय?) पियानो म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने मान हलवली आणि मग हळूच विचारलं की रोज वाजवणार का.

दसरा तोंडावर होता. सासूबाईंनी झेंडूचं तोरण आणि हळदकुंकू तयारच ठेवलं होतं. ‘आई, झाकणावर नको, पायांना लावा,’ असं म्हणून मी पॉलिश वाचवलं. शस्त्रांबरोबर पूजा झाली. सासूबाईंच्या मते आत एवढं लोखंड असल्यावर ते शस्त्रच.

आल्या आल्या ट्यूनिंग करायचं नसतं. लाकडाला नव्या खोलीची हवा अंगवळणी पडायला काही आठवडे द्यावे लागतात. मी खोलीत आर्द्रता मोजायचा छोटा मीटर लावला आणि तेव्हापासून हवामानखात्यावर माझा विश्वास उरला नाही. पियानोला चाळीस ते पन्नास टक्के सुखाची. आमच्या खोलीत मे महिन्यात दुपारी काटा विशीपर्यंत उतरतो आणि श्रावणात खिडकी उघडी राहिली तर ऐंशीच्या पुढे जातो. दमट हवेत साउंडबोर्ड फुगून वर येतो, तारा ताणल्या जातात, सूर चढतात. कोरड्या हवेत उलटं. त्यातही मधल्या सप्तकातले सूर जास्त हलतात, दोन्ही टोकांचे कमी, म्हणून सगळा पियानो सारखाच चढला असंही म्हणता येत नाही. पावसाळ्यात पियानोच्या पोटाखाली मंद गरम होणारी एक नळी लावतो आणि ओल शोषणारं यंत्र चालवतो. उन्हाळ्यात खोलीत पाण्याचं पातेलं ठेवतो आणि एसीचा झोत दुसरीकडे वळवतो. विजेचं बिल हा पियानोच्या किमतीचाच पुढचा हप्ता समजायचा. फेल्टला कसर लागू नये म्हणून झाकण उघडून ब्रशने झाडणं हे माझं रविवारचं काम.

पहिलं ट्यूनिंग दिवाळीनंतर झालं आणि ते दोन दिवस चाललं. पाव सूर वर आणायचा म्हणजे नुसती एकेक तार पिळून चालत नाही. सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात असतो; तो वाढला की साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून पहिल्या दिवशी काकांनी भराभर सगळा पियानो जरा जास्तच वर ओढून ठेवला. दोन तारा तुटल्या. तार तुटते तेव्हा गोळी सुटल्याचा आवाज होतो. सासूबाई खालून विचारायला आल्या. दुसऱ्या दिवशी खरं लावणं. मधल्या सप्तकात फेल्टची लांब पट्टी तारांमध्ये खोचून तीनपैकी मधलीच तार बोलती ठेवायची, तिथे सगळं नातं बसवायचं, मग बाजूच्या तारा तिला मिळवायच्या, मग वर-खाली जायचं.

माझी नणंद भाऊबीजेला आलेली, ती राहिली होती. ती म्युझिक कॉलेजची, गळ्याची. काकांचं मधलं सप्तक लावून झालं तसं तिने दारातूनच सा-ग धरला आणि म्हणाली, ‘वहिनी, बाकी छान, पण यांचा गंधार चढाय हो.’ मला वाटलं आता काका रागावणार. ते हसले. ‘ताईंचा कान बरोबर आहे. चढाच ठेवलाय.’ शुद्ध गंधार षड्जाशी पाचास चार या नात्याने बसतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर तो षड्जापासून ३८६ भागांवर येतो. पियानोवर तो ४०० वर असतो, म्हणजे चौदा भाग वर. पंचम जवळजवळ जागेवर असतो, फक्त दोन भाग खाली. बारांपैकी कुठलाही सूर षड्ज धरून वाजवता यावं म्हणून सगळ्यांना थोडं थोडं खोटं करून ठेवलेलं असतं. हा खोटेपणा काका मोजून करतात: मधल्या सी-खालचे एफ आणि ए एकत्र वाजवले की त्यांच्या आवाजात एक डोलणं ऐकू येतं, ते सेकंदाला सातच्या जवळपास आलं पाहिजे. त्यांनी आम्हां दोघींना ते ऐकवलं. एकदा ऐकू आल्यावर ते थांबवता येत नाही. मला अजून कुठलाही पियानो ऐकताना ते डोलणं आधी येतं.

नणंदेचं समाधान झालं नाही आणि तिचं म्हणणं मला मान्य आहे. हेच भांडण पेटीशीही होतं. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशकं हार्मोनियम बंद ठेवला होता, त्याच्या कारणांत हे एक होतं. मी मात्र पियानोवर राग वाजवण्याच्या फंदात पडत नाही. लोक हौसेने फर्माइश करतात. मींड नाही, श्रुती नाहीत. भूप वाजवला तर तो भूपाच्या सुरांचा इंग्रजी रविवार होतो. जे या वाद्यासाठी लिहिलं गेलं तेच वाजवावं, असं माझं हट्टी मत आहे.

आता वाजवण्याबद्दल. मला वाटलं होतं बोटं विसरली असतील आणि डोळ्यांना आठवत असेल. झालं उलट. सी मेजरचा आरोह बोटांनी पहिल्याच दिवशी न विचारता वाजवला, अंगठा कुठे खालून घ्यायचा ते त्यांना पाठ होतं. पण कागदावरचं वाचता येईना. वरच्या ओळी तरी ओळखीच्या वाटल्या. खालच्या, डाव्या हाताच्या ओळींसमोर मी पहिलीतल्या मुलीगत बोट ठेवून अक्षरं लावत बसले. त्यात चष्मा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचायचा भाग खाली असतो आणि दूरचं वर. पियानोवरचं पुस्तक दोन्हींच्या मधे, हातभर अंतरावर, डोळ्यांच्या समोर. मी मान वर करून वाचायचे आणि संध्याकाळी मान धरायची. शेवटी टेपने डोळ्यापासून पुस्तकापर्यंतचं अंतर मोजून तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. पन्नाशीनंतर पियानोकडे परतणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढं करावं. चष्मेवाल्याला आधी समजलंच नाही. मग म्हणाला, कॉम्प्युटरचा ना? हो म्हटलं.

शिकवायला मिळाली ती माझ्या मुलीच्या वयाची. ती मला काकू म्हणते, मी तिला सवयीने मिस म्हणते आणि दोघीही त्यावर आता हसत नाही. तिने माझ्या मनगटाकडे बघून पहिल्याच तासाला विचारलं, ‘काकू, हे इतकं घट्ट का धरलंय?’ मी नाण्याची गोष्ट सांगितली. आता कुणी तसं शिकवत नाही, उलट खांद्यापासूनचं वजन मोकळं बोटावर यायला हवं, असं ती म्हणते. लहानपणी जे मार खाऊन कमावलं ते सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चौथं बोट, म्हणजे अनामिका, अजून ऐकत नाही. थंडीत सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून आधी कोमट पाण्यात हात आणि मग स्वरपट. एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं, त्यापुढे नाही, हे तिने ठरवून दिलं. मोठ्या माणसाचा कान हाताच्या फार पुढे असतो. काय यायला हवं ते स्पष्ट ऐकू येतं, म्हणून आपण रेटतो, आणि मग मनगट दुखतं.

सुरुवात केली ती पाचव्या ग्रेडच्या खाली उतरून, क्लेमेंटीच्या सोनाटिनांपासून, म्हणजे छोट्या सोनाटांपासून. हा मुझिओ क्लेमेंटी नुसता वाजवणारा-लिहिणारा नव्हता, लंडनमध्ये त्याचा पियानो बनवायचा कारखानाही होता. ते माहीत झाल्यावर त्याच्या सोनाटिना मला वेगळ्या वाटायला लागल्या. हळू वाजवा, मग जोरात, मग एकदम हळू, असं तो सारखं लिहितो. गिऱ्हाइकाला माल दाखवायची ही युक्ती असावी असा माझा अंदाज. डिजिटलवर तो हळू भाग मी आवाजाचं बटण असल्याच्या भरवशावर कसाही वाजवायचे. इथे पट्टी फार हळू दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही, सूर गळतो. जोर थोडा जास्त झाला तर भिंत बोलते. या दोन्हींच्या मधे जी चिंचोळी जागा आहे तिथे सध्या माझं शिक्षण चाललं आहे, आणि वाजवण्यातली सगळी मजा मला तिथेच सापडली आहे. जलद वाजवण्याची हौस होती, ती गेली.

शेजाऱ्यांचं ठरलं आहे. दुपारी एक ते चार गाव झोपतं, तेव्हा झाकण बंद. सकाळी अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी. समोरच्या बेन एकदा म्हणाल्या की तुम्ही एक जागा रोज अडखळता, ती आली की मी भाजी परतायची थांबते. ती जागा मलाही माहीत आहे. दुसऱ्या भागातला डाव्या हाताचा बदल.

काका वर्षातून दोनदा येतात: पाऊस संपून हवा कोरडी झाली की एकदा, आणि होळीनंतर ऊन तापायच्या आत एकदा. एका पियानोसाठी मुंबईहून येणं त्यांना आणि मला दोघांनाही परवडत नाही. म्हणून मी शहरातल्या पियानोंची यादी करायला घेतली: एक शाळा, एक चर्च, त्या पारशी आजींचा जर्मन पियानो, जो त्यांना तसाच, आठवडाभर सुरात राहिला तरी चालतो. अलकापुरीतल्या एका डॉक्टरांचा उभा आहे, तो उघडलेला कुणी बघितलेला नाही, पण त्यांनी हो म्हटलंय. काकांचं गाडीभाडं आणि राहणं यादीतल्या सगळ्यांत वाटून घेतो. वडोदऱ्यात किंवा आणंदपर्यंत कुणाकडे पियानो असेल तर सांगा, दिवाळीनंतरच्या फेरीत अजून दोघांची जागा आहे.